अठ्ठेचाळीस मिनिटांची भिंत

सुरतेत उजेडालाही भाव असतो, हे मला लग्न होऊन इथे आल्यावर कळलं. माझं माहेर जळगाव जिल्ह्यातलं. तिथे उजेड म्हणजे अंगणात आपोआप पडलेली गोष्ट. पापड-कुरडया वाळत घालताना आठवायची, एरवी नाही. इथे मात्र हिऱ्यातल्या माणसाला एखादं ऑफिस दाखवायला न्या, तो आधी भाडं विचारत नाही. सरळ खिडकीशी जातो आणि उत्तर दिशा कुठली ते बघतो.

कारण साधं आहे. सूर्याचं थेट ऊन हिऱ्यावर पडलं की हिरा नुसता चमकतो आणि त्या चमकेत त्याचा खरा रंग लपतो. उत्तरेच्या खिडकीतून येतो तो आकाशाचा उजेड, थंड आणि दिवसभर साधारण सारखा. पांढऱ्या कागदाच्या घडीत हिरे ओळीने मांडून त्या उजेडात पाहिले, की कुठल्या हिऱ्यात पिवळेपणाची झाक आहे ते दिसतं. आता त्यासाठी खास दिवे मिळतात, पण जुनी माणसं अजून पडीकं घेऊन खिडकीकडेच वळतात. महिधरपुऱ्याच्या हिरे बाजारात तर भर रस्त्यात, स्कूटरच्या सीटवर पडीकं उघडून, डोळ्याला आय-ग्लास लावून सौदे होतात. डिसेंबर २०२३मध्ये खजोदला सुरत डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं. पंधरा-पंधरा मजल्यांचे नऊ टॉवर, चार हजारांवर ऑफिसं. पण बाजारातला माणूस आजही आभाळाकडे पाठ करून हिरा बघत नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं, की आमच्या घरातले पुरुष तीन पिढ्या या धंद्यात आहेत आणि तीन पिढ्या त्यांनी उत्तरेची खिडकी मागितली आहे. त्यासाठी जास्त भाडं दिलं, जास्त पागडी दिली. त्याला कोणी हट्ट म्हटलं नाही. 'धंद्याला लागतं' एवढं म्हटलं की विषय संपायचा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही वेसूला नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तेव्हा मी पूर्वेची एक भिंत मागितली. खरं तर पूर्वेच्या खिडकीसमोरची भिंत. ती रोज अठ्ठेचाळीस मिनिटं मला हवी होती आणि ती रिकामी हवी होती. यावर घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी सगळ्या फर्निचरवर मिळून झाली नाही.

अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. दोन घटका, एक मुहूर्त, एक सामायिक. आणि सूर्योदयापासून नवकारशीपर्यंतचा वेळही तेवढाच. सूर्य उगवताना आसनावर बसलं तर सामायिक पुरी होते आणि नवकारशीचं पच्चक्खाण पाळायची वेळही होते. एक संपताना दुसरं संपतं. हा मेळ मला लहानपणापासून फार आवडतो. पण सकाळची सामायिक उजेडात करायची तर तो उजेड दिव्याचा नको. दिव्यात, विजेत तेउकायाचे जीव मानलेले. अंगावर दिव्याचा उजेड पडू नये म्हणून आजही कितीतरी जणी सामायिकीत दिवा बंद करायला लावतात. मूर्तिपूजक बहिणी त्याला 'उजेही' म्हणतात. वीज सचित्त की अचित्त यावर आपल्यातच वाद आहेत, त्यात मी पडत नाही. सूर्याच्या उजेडाबद्दल मात्र वाद नाही. त्याच्या किरणांत अग्नीचे जीव नाहीत, असंच सगळे मानतात. म्हणजे कुणालाही न दुखवता पोथीवर पडेल असा उजेड एकच, आणि तो कधी यायचा ते आपल्या हातात नाही.

इंटिरियर करणारा मुलगा हुशार होता. त्याने पहिल्याच भेटीत लॅपटॉपवर मला एक 'मेडिटेशन कॉर्नर' दाखवला. लाकडी चौथरा, मागे टेकायला गादी, वर फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेली पट्टीची लाइट, एक बांबूचं झाड. मी म्हटलं, खिडकीतून उजेड कसा येतो ते बघून ठरवू. तो म्हणाला, "भाभी, उजेडाचं टेन्शन घेऊ नका. सकाळच्या उन्हासारखी एलईडी मिळते. अगदी रिमोटवर सूर्य उगवतो."

मग मी त्याला सामायिकीचे दोष वाचून दाखवले. बत्तीस दोषांपैकी बारा कायेचे आहेत, आणि हे बारा म्हणजे एखाद्या सुताराला द्यावी अशी तयार यादीच आहे. आलंबन, म्हणजे टेकून बसणं, हा दोष. तेव्हा मागची गादी गेली. चलासन, म्हणजे आसन हलणं, हाही दोष. म्हणून फळीचा पोकळ चौथरा गेला, जमिनीवर आसन बरं. चलदृष्टी, म्हणजे नजर भिरभिरणं. त्याला जमिनीपासून छतापर्यंत काच करायची होती. तशी केली असती तर खाली वेसूचा रस्ता, पाणीपुरीची गाडी आणि शाळेच्या बसेस, सगळं समोर आलं असतं. बिल्डरने दिलेला तीन फुटांचा कट्टा मी तसाच ठेवायला लावला. जमिनीवर बसलेल्या बाईचा डोळा अडीच फुटांच्या आसपास असतो. खिडकी तीन फुटांवर सुरू झाली, की दिसतं ते फक्त आभाळ. बारा दोष लिहिणाऱ्यांनी खिडकी मोजली नसेल, पण बसलेल्या माणसाचं शरीर त्यांनी बारकाईने पाहिलं होतं यात शंका नाही.

तो मुलगा हसला, पण त्याला मजा वाटायला लागली. पुढच्या वेळी तो स्वतःहून पहाटे आला. रिकाम्या खोलीत आम्ही दोघं आणि त्याचा खडू.

त्या सकाळी जे दिसलं ते सांगते. खोली दहा बाय चौदाची. पूर्वेच्या लांब बाजूला मधोमध चार फुटांची खिडकी, आणि तिच्यासमोर दहा फुटांवर आमची भिंत. सूर्य उगवला तेव्हा ऊन जवळजवळ आडवं आलं आणि भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून गेलं. मग ते खाली उतरू लागलं. अठ्ठेचाळीस मिनिटांत सूर्य साधारण अकरा अंश वर चढतो. म्हणजे दहा फुटांवरच्या भिंतीवर उजेडाचा चौकोन सुमारे दोन फूट खाली येतो. मी भिंतीपासून थोडी पुढे, पूर्वेकडे तोंड करून बसले होते. आधी कपाळ उबदार झालं, मग मिटलेल्या पापण्यांआड लाल उजेड आला, मग गळा, आणि शेवटी हातातली माळ. मोबाइलवर सेहेचाळीस-सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. माझ्या आईकडे वाळूची घडी होती. सामायिकीत तिचं लक्ष अधूनमधून त्या वाळूकडे जायचं आणि मग तीच स्वतःला रागवायची. इथे डोळे उघडायची गरजच नव्हती.

अडचण पुढे आली. सूर्य रोज एका जागी उगवत नाही हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. सुरतेत तो जूनमध्ये पूर्वेच्या उत्तरेला पंचवीस अंश सरकून उगवतो आणि डिसेंबरात दक्षिणेला तेवढाच. म्हणजे आमच्या भिंतीवर उजेडाचा चौकोन डिसेंबरात उत्तरेच्या टोकाला असतो, मेअखेर दक्षिणेच्या टोकाला, आणि मधलं अंतर नऊ फुटांहून जास्त. मार्चमध्ये तो रोज जवळजवळ एक इंच सरकतो. वेळही बदलते: जूनमध्ये सूर्य सहाच्या आत, जानेवारीत सव्वासातनंतर. तेव्हा 'कॉर्नर' हा शब्दच निकालात निघाला. आसन वर्षभर भिंतीपुढून फिरणार. म्हणून तिथे काही बांधायचं नाही, ठोकायचं नाही, कपाट लावायचं नाही, आणि सगळी भिंत मोकळी ठेवायची.

आता सुरतेच्या फ्लॅटमध्ये चौदा फुटांची भिंत मोकळी ठेवायची, म्हणजे काय ते तुम्ही समजू शकता. खरं तर तिथे गादलीगिर्द्यांचं, लग्नातल्या भांड्यांचं, पाहुण्यांच्या बॅगांचं कपाट यायचं होतं.

पहिला आक्षेप नणंदेचा. ती मोठ्या मनाची बाई आहे, पण बोलते फटकळ. म्हणाली, "वहिनी, पुनिया श्रावकाला कुठे पूर्वेची खिडकी लागली होती?" खरंच आहे. पुण्या कातून पोट भरणारा माणूस, आणि श्रेणिक राजाला सगळं राज्य घालूनही त्याच्या एका सामायिकीचं मोल देता आलं नाही. झोपडीत बसून त्याने जे मिळवलं, ते मला नवव्या मजल्यावर मिळेल असा माझा दावा नाही. पण पुनियाच्या गोष्टीत दुसराही एक प्रसंग आहे, तो आपण घाईत सोडून देतो. एक दिवस त्याचं मन सामायिकीत लागेना. त्याने बायकोला विचारलं, घरात काही आलं आहे का? तर तिच्याकडून शेजारणीच्या गोवऱ्या चुकून घरात आल्या होत्या. म्हणजे सामायिक नुसत्या मनात होत नाही. ज्या घरात आपण बसलो त्या घरात काय आहे, कुणाचं आहे, याचा तिच्याशी संबंध आहे. पुनियाने खिडकी पाहिली नाही, पण घर पाहिलंच.

दुसरा आक्षेप माझ्या मुलीचा, आणि तो जास्त लागला. ती आर्टिकलशिप करते, हिशोबात बोलते. "मम्मी, चौदा फूट भिंत आणि तिच्यापुढची चार फूट जमीन, छप्पन्न चौरस फूट. वेसूच्या भावाने लाव हिशोब. रिकामं ठेवणं हाच केवढा परिग्रह आहे! सामान भरलं असतं तर निदान सामान तरी आलं असतं."

यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. परिग्रहाच्या जुन्या यादीत क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, पहिल्यांदा येतात. तेव्हा जागा हा परिग्रह नाही, असं मला म्हणता येत नाही. पण तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रह म्हणजे आसक्ती असं सांगितलं आहे, आणि ते फार अवघड करून ठेवलं आहे. वस्तू मोजता येते, आसक्ती कशी मोजणार? हे कपाटात साठवलेल्या तीस साड्यांनाही लागू आहे आणि रिकाम्या भिंतीलाही. मला एक कसोटी सुचली ती सांगते. शास्त्रात आहे असं म्हणत नाही. जी गोष्ट तेवीस तास कुणीही वापरावी आणि मला त्याचं काही वाटू नये, तिच्यावर माझी पकड कमी. त्या भिंतीपुढे आता दुपारी मुलगी चटई टाकून अभ्यास करते, दिवाळीत फराळाचे डबे रांगेने लागतात, पाहुणे आले की गाद्या पडतात. सकाळी सगळं उचललेलं असतं, बस.

आणि आसक्तीची खरी परीक्षा निसर्गच घेतो. चौमासा लागला की सुरतेत आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. म्हणजे महासतीजी गावात, रोज व्याख्यान, तपश्चर्या चालू, सगळ्यात जास्त सामायिकी ज्या चार महिन्यांत होतात, नेमकी तेव्हा माझी भिंत राखाडी. कपाळ उबदार होत नाही, माळेपर्यंत काही उतरत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं मोजायला घड्याळच लागतं. आषाढात मन जरा रुसतं. त्या रुसण्याकडे बघत बसणं हीच तेव्हाची सामायिक.

काहीजणी विचारतील, एवढं कशाला, स्थानक आहे ना? आहे, आणि मी जाते. सगळ्यांबरोबर बसण्यात जो आधार आहे तो एकटीने बसण्यात नाही. पण आपल्या स्थानकातल्या बायकांच्या सामायिकी कधी होतात ते आठवा. दुपारी. जेवणं आटोपली, भांडी झाली, पुरुष दुकानावर गेले, मुलं शाळेत, की मग आपण मुंहपत्ती आणि पुंजणी घेऊन निघतो. उरलेला वेळ धर्माला. त्यात काही कमीपणा नाही, पण उरलेला आहे हे खरं.

हे मला सासूबाईंनी शिकवलं. त्यांचं लग्न होऊन त्या आल्या तेव्हा घर जुन्या शहरात, गोपीपुऱ्याच्या बाजूला होतं. अरुंद, खोलवर गेलेलं घर. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेल्या. पुढे ओटला, तिथला उजेड पुरुषांचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचा. मध्ये वरून उघडा चौक, आणि त्याच्यामागे स्वयंपाकघर. सूर्य माथ्यावर आला की चौकात तासभर ऊन सरळ खाली पडायचं. त्या उन्हाच्या कडेला बसून सासूबाईंनी पन्नास वर्षं सामायिकी केल्या. मी भिंतीचं बोलले तेव्हा मला वाटलं त्या नाराज होतील. त्या बराच वेळ गहू निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "चौकातलं ऊन कोणाला नको होतं, म्हणून मला मिळालं. सकाळची सामायिक मी कधी केलीच नाही गं. सकाळ माझी नव्हतीच."

घराच्या नकाशात न दिसणारी जागा ही आहे. छप्पन्न चौरस फूट मिळवणं सोपं होतं. घरमालकाने हो म्हटलं की झालं. अठ्ठेचाळीस मिनिटं मिळवायची तर पाच माणसांच्या सवयी हलवाव्या लागतात. आमचे हे नवकारशी करत नाहीत, त्यांना उठल्याउठल्या चहा लागतो. चहा आता ते स्वतः करतात. आलं जास्त घालतात, पण करतात. मुलाचा डबा रात्री अर्धा तयार होतो. दूधवाल्याला वेळ बदलून दिली. मला वाटतं, इंटिरियर इंटिरियर म्हणतात ते मुख्यतः हेच असायला हवं: कोण कुठल्या वेळी कुठे बसेल आणि तेव्हा कोण उठेल. लॅमिनेटचा रंग नंतर.

ह्यांना एकदा मी विचारलं होतं, की तुमच्या उत्तरेच्या खिडकीसाठी तुम्ही बाबूजींना काय कारण दिलं होतं? ते म्हणाले, "कारण कशाला द्यायचं? हिरा खोटा दिसला तर नुकसान कोणाचं?" मी म्हटलं, माझंही तेच आहे. ते पुढे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सुताराला कपाट रद्द म्हणून त्यांनीच सांगितलं.

एवढ्यावर सगळं ठीक झालं असतं, पण गेल्या वर्षी आमच्या पूर्वेच्या मोकळ्या प्लॉटवर पत्रे लागले. चौदा मजल्यांची बिल्डिंग येते आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आरडाओरडा झाला. कुणीतरी १८८२चा सुखाधिकाराचा कायदा काढला. त्यात उजेडाचा हक्क आहे, पण तो वीस वर्षं अखंड उजेड घेतल्यावर. आम्हाला तर दोनच झाली होती. तरी अर्ज करू, वकील बघू, असं चाललं होतं. मी पण सही करायला पेन हातात घेतलं होतं.

आमच्या पश्चिमेला जुन्या बैठ्या घरांची ओळ आहे. तिथल्या एक बाई मला स्थानकात भेटतात, वयाने माझ्याएवढ्याच. त्यांना मी समोरच्या बिल्डिंगचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अगदी सहज, राग न धरता म्हणाल्या, "हो ना. तुमची बिल्डिंग झाल्यापासून आमच्या ओट्यावर ऊन साडेआठला येतं. आधी उगवल्या उगवल्या यायचं."

घरी येईपर्यंत मला पुनियाच्या घरातल्या गोवऱ्या आठवत राहिल्या. माझ्या कपाळावरून माळेपर्यंत उतरणारं ऊन पुढे कुठे जायचं, हे खडूने भिंतीवर खुणा करताना आम्ही दोघांनीही मोजलं नव्हतं. मोजून तरी काय केलं असतं, हा प्रश्न आहेच. बिल्डिंग आधीच उभी होती. पण सही मी केली नाही. बाकीच्यांनी करू नये असंही म्हटलं नाही. ज्यांच्या घरात त्या एकाच खिडकीतून हवा येते, त्यांचं म्हणणं वेगळं आहे आणि ते खरंही आहे.

मी त्या बाईंना वर बोलावलं. त्या आधी संकोचल्या, मग त्यांच्या सुनेला घेऊन आल्या. चौदा फुटांच्या भिंतीपुढे खरं तर सहा आसनं मावतात, पण ऊन एका वेळी चार फुटांवरच पडतं. म्हणजे दोन आसनं उन्हात, एक सावलीत. आम्ही पाळी लावून घेतली आहे.

समोर सध्या सातवा स्लॅब पडला आहे. तो अजून आमच्या मजल्याच्या खाली आहे, म्हणून यंदाच्या मार्चमध्ये सूर्य त्यावरून वेळेवर डोकावला. पुढच्या वर्षी स्लॅब नऊच्या वर गेला, की किती वेळ लागेल ते बिल्डिंगच्या उंचीवर आणि मधल्या रस्त्याच्या रुंदीवर आहे. मुलीने कागदावर आकडा काढून फ्रिजवर लावला आहे. तिच्या हिशोबाने डिसेंबर-जानेवारीत, सूर्य दक्षिणेला सरकलेला असताना, तो त्या बिल्डिंगच्या बाजूने निघेल आणि तेवढे दोन महिने तरी उत्तरेच्या टोकाला पूर्ण अठ्ठेचाळीस मिनिटं मिळतील.

सासूबाईंना आम्ही उन्हातली जागा देऊ केली होती. त्यांनी हात जोडले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सकाळचं ऊन त्यांच्या डोळ्यांना सहन होत नाही. त्या अजून दुपारीच बसतात, हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला, आणि सामायिक घेण्याआधी नातवाला म्हणतात, "तो पंखा आणि दिवा बंद कर रे, आणि दाराचा पडदा जरा सरकव."